अमेरिकेत मुलांना सॉकर क्लबमध्ये घालायचंय? नव्याने आलेल्या मराठी आईबाबांसाठी पहिल्या सीझनची सगळी तयारी

दर उन्हाळ्यात इकडे नवीन आलेल्या आईबाबांकडून तेच प्रश्न येतात, मुलाला सॉकरला घालायचंय पण कुठे, पैसे किती, रेक म्हणजे काय, ट्रॅव्हल म्हणजे काय, मुलगी आठ वर्षांची आहे म्हणजे उशीर झाला का, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतेय. मी न्यू जर्सीत राहते आणि गावच्या क्लबमध्ये टीम मॅनेजरचं काम बघते, त्यामुळे महिने आणि हवामान इकडचं आहे, कॅलिफोर्निया-टेक्सासवाल्यांनी तेवढं आपापल्याकडचं धरून वाचा. बाकी पद्धत सगळीकडे जवळपास सारखीच आहे. आणि आठ वर्षं म्हणजे अजिबात उशीर झालेला नाही.

आधी हे क्लब असतात कसे ते बघा

गावचा सॉकर क्लब म्हणजे महिन्याची फी भरून लावायचा क्लास नाही. बहुतेक क्लब ना-नफा संस्था असतात, बोर्डावर गावातलेच आईबाप असतात जे दिवसभर आपापली नोकरी करतात आणि रात्री मुलं झोपल्यावर बसून टीम पाडतात, मैदानं टाऊनशिपची नाहीतर शाळेची असतात आणि त्यांच्याकडून वेळ मागून घेतलेला असतो. कोल्हापूरकरांना हे लगेच कळेल, पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ यांच्या टीम जशा पेठेच्या जिवावर उभ्या राहतात तसं इथे गाव उभं राहतं, फक्त इथे सगळा भर पोरासोरांच्या खेळावर असतो. म्हणून ईमेलला उत्तर यायला दोन-तीन दिवस लागले तर रागावू नका, पलीकडे पगारी माणूस नाहीये.

हे क्लब राज्याच्या संघटनेला जोडलेले असतात, आमची न्यू जर्सी यूथ सॉकर, कॅलिफोर्निया आणि टेक्सास मोठी राज्यं म्हणून तिथे नॉर्थ आणि साउथ अशा दोन-दोन आहेत. त्यांच्यावर देशपातळीवर यूएस यूथ सॉकर, १९७४ पासूनची. दुसरी मोठी संस्था म्हणजे एवायएसओ (अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशन), १९६४ साली कॅलिफोर्नियातल्या टॉरन्स गावात सुरू झाली, आणि त्यांचा एक नियम मला फार आवडतो, टीममधल्या प्रत्येक मुलाला मॅचचा निम्मा वेळ तरी खेळायला मिळालाच पाहिजे, मग ते कसंही खेळो. तुमच्या गावात यातलं काय आहे ते बघा. याशिवाय टाऊनच्या रिक्रिएशन डिपार्टमेंटची लीग असते, वायएमसीएचे प्रोग्राम असतात, आणि पगारी कोच ठेवून चालवलेले खासगी क्लब असतात, त्यांच्या जाहिराती सगळ्यात जास्त दिसतात म्हणून ते सगळ्यात चांगले असं नाही.

पहिलं काम: क्लब शोधा आणि तारखा लिहून ठेवा

गावाचं नाव आणि पुढे यूथ सॉकर असं टाकलं की सापडतो. नाहीतर शाळेत मुलाच्या वर्गातल्या दोन पालकांना विचारा, लायब्ररीच्या बोर्डावर बघा. मग लगेच रजिस्ट्रेशनच्या तारखा फोनमध्ये टाका, कारण नवीन लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. फॉल सीझन लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) आसपास सुरू होऊन नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चालतो पण त्याचं रजिस्ट्रेशन उन्हाळ्यात, कधीकधी मे महिन्यातच उघडतं. स्प्रिंग सीझन एप्रिल ते जून, त्याची नावनोंदणी बाहेर बर्फ असतानाच होते. शाळा सुरू झाल्यावर जाग आली तर वेटलिस्ट.

आता वेटलिस्टबद्दल एक आतली गोष्ट. लिस्ट लागते ती बहुतेक वेळा मैदान कमी म्हणून किंवा कोच कमी म्हणून, आणि मुलं तर दहा-बारा रांगेत उभी असतात. अशा वेळी एखाद्या बाबाने किंवा आईने ईमेल केला की मी असिस्टंट कोच व्हायला तयार आहे, तर नवीन टीम निघू शकते आणि त्या दहाही मुलांना जागा मिळते. तुम्हाला खेळता यायची गरज नाही, याबद्दल खाली लिहिते.

दुसरं: मूल कुठल्या वयोगटात बसतं

यू म्हणजे अंडर, यू-८ म्हणजे आठच्या आतली. सोपं वाटतं पण इथे आत्ताच नियम बदललाय. २०१७ पासून सगळीकडे जानेवारी ते डिसेंबर असं जन्मवर्ष धरत होते, त्यामुळे ऑगस्ट ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्या बऱ्याच मुलांना आपल्या वर्गमित्रांना सोडून एक इयत्ता पुढच्या मुलांबरोबर खेळावं लागायचं, आणि आठवीत तर फारच वाईट व्हायचं कारण अर्धी टीम हायस्कूलच्या टीममध्ये खेळायला गेली की ही बिचारी फॉलमध्ये टीमशिवाय राहायची. २०२६-२७ च्या सीझनपासून यूएस यूथ सॉकर आणि एवायएसओ १ ऑगस्ट ते ३१ जुलै असा गट धरणार, म्हणजे शाळेच्या वर्गाशी बऱ्यापैकी जुळणारा. त्यामुळे जुन्या पालकांनी सांगितलेलं वर्षाचं गणित डोळे झाकून घेऊ नका, रजिस्ट्रेशनच्या पानावरचा तक्ता बघा.

नवीन आलेल्या मुलासाठी माझं मत स्पष्ट आहे, वर्गातल्या मित्रांबरोबर खेळू द्या. मूल उंच आहे, पुण्यात फुटबॉल खेळायचं म्हणून वरच्या गटात टाका असं सांगणारे बाबा भेटतात. पण इंग्लिश अजून तोंडात नीट बसलेलं नाही, शाळेत डबा खाताना कोणाशेजारी बसायचं ते ठरलेलं नाही, अशा वेळी शनिवारी ज्या मुलांबरोबर गोल केला तीच मुलं सोमवारी वर्गात भेटली तर त्याचं मोल वेगळंच असतं.

तिसरं: लेव्हल निवडणं, इथे घाई करू नका

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी म्हणून जरा सावकाश सांगते.

तीन ते पाच वर्षांच्या पिल्लांसाठी आठवड्यातून एकदा पाऊण तास असतो, आईबाबांपैकी एकाला बरोबर मैदानात उतरावं लागतं, बॉल लाथाडणं, प्लॅस्टिकच्या शंकूंभोवती (कोन) पळणं, गवतात बसून राहणं. बसलं तर बसू दे. यात शिकण्यासारखं एवढंच की मैदानावर जायला मजा येते.

त्यानंतर रेक, म्हणजे रिक्रिएशनल. ट्रायआउट म्हणजे निवड चाचणी नाही, नाव दिलं की टीम मिळते, टीम मुद्दाम समतोल पाडतात, कोच कोणाचे तरी आईबाबा असतात, आठवड्याला एखादी प्रॅक्टिस आणि शनिवारी मॅच, सगळं गावातल्या गावात. सीझनला साधारण शंभर ते अडीचशे डॉलर लागतात, त्यातच जर्सी येते. नवीन मुलाची सुरुवात इथूनच करा असं मी प्रत्येकाला सांगते, अगदी मूल आधी खेळलेलं असलं तरी, एक सीझन रेकमध्ये काढला की तुम्हालाही क्लब कळतो आणि क्लबलाही तुमचं मूल कळतं.

मधली एक पायरी बऱ्याच क्लबांत असते, कुठे तिला अकॅडमी म्हणतात, कुठे प्री-ट्रॅव्हल, कुठे डेव्हलपमेंटल. यात रेकच्या मॅच चालू ठेवून आठवड्यातून एकदा पगारी ट्रेनरबरोबर जास्तीचं शिकवणं असतं. सात ते नऊ वयाच्या, खेळाची खरी ओढ असलेल्या मुलांना हे फार छान, खर्चही झेपण्यासारखा.

मग ट्रॅव्हल. ट्रायआउट एप्रिल ते जूनच्या मध्ये कधीतरी, निवड झाली की वर्षाची कमिटमेंट, आठवड्याला दोन-तीन प्रॅक्टिस, एक आड एक मॅच दुसऱ्या गावात, सुट्टीच्या वीकेंडला टूर्नामेंट, हॉटेलं, टोल. फी हजार डॉलरच्या पुढे आणि खासगी क्लबांत त्याच्या दुप्पट-तिप्पटही जाते, युनिफॉर्म आणि टूर्नामेंटचा खर्च वेगळा. त्याच्याही वर ईसीएनएल, एमएलएस नेक्स्ट, गर्ल्स अकॅडमी अशा लीग आहेत, तिकडे लांबलांबचा प्रवास असतो, पहिल्या सीझनला तुम्हाला त्याचा विचार करायचंच कारण नाही.

आपल्या लोकांची एक सवय आहे आणि मी ती प्रेमाने सांगतेय, आपण प्रत्येक गोष्टीत वरची तुकडी शोधतो. ट्रॅव्हल म्हणजे अ तुकडी, रेक म्हणजे ड तुकडी, असं डोक्यात बसतं आणि शेजारच्याचा मुलगा ट्रॅव्हलमध्ये गेला की आपल्यालाही पाठवायचं असतं. पण खेळात मूल शिकतं ते मैदानावर असताना, बाकावर बसून नाही. हे साधं गणित करून बघा. यू-९, यू-१० ची मॅच पंचवीस-पंचवीस मिनिटांची, म्हणजे एकूण पन्नास मिनिटं, एका वेळी सात मुलं मैदानात, म्हणजे वाटायला साडेतीनशे मिनिटं. रोस्टरवर, म्हणजे टीमच्या यादीत, बारा मुलं असली तर प्रत्येकी सरासरी एकोणतीस मिनिटं आली, चौदा असली तर पंचवीस. आणि ही सरासरी झाली, कोच जिंकायच्या मागे असेल तर चांगल्या सात जणांना चाळीस मिनिटं आणि उरलेल्यांना दहा. म्हणजे ट्रॅव्हलची फी भरून, दीड तास गाडी चालवून जाऊन दहा मिनिटं. त्यापेक्षा रेकमध्ये पूर्ण मॅच खेळलेलं मूल पुढच्या वर्षी ट्रायआउटला जास्त आत्मविश्वासाने उभं राहतं, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

म्हणून कुठल्याही क्लबला हे विचाराच: रोस्टरवर किती मुलं घेणार, प्रत्येकाला किती वेळ खेळवणार, कोच कोण आणि त्याच्याकडे कुठलं लायसन्स आहे, गोलकीपर आलटून पालटून करता का एकाच मुलाला उभं करता. गोल्ड, प्रीमियर, एलीट, सिलेक्ट अशी नावं बघून हुरळू नका, एका क्लबातली एलीट टीम दुसऱ्या क्लबातल्या तिसऱ्या टीमइतकी असू शकते, नाव काहीही ठेवता येतं.

आणि एक प्रोग्राम असा आहे ज्याबद्दल आपल्या लोकांमध्ये कोणी उघडपणे बोलत नाही म्हणून मी बोलते. टॉपसॉकर. ऑटिझम असलेली, डाउन सिंड्रोम असलेली, चालायला त्रास असलेली, अशा सगळ्या मुलांसाठी यूएस यूथ सॉकरचा हा प्रोग्राम आहे आणि बऱ्याच गावांत चालतो. प्रत्येक मुलाबरोबर एक बडी असतो, बहुतेक वेळा हायस्कूलमधला मुलगा किंवा मुलगी, तो त्याच्या गतीने बरोबर खेळतो. फी कमी असते, काही ठिकाणी नसतेच. इथे जर्सी तीच मिळते जी बाकीच्या क्लबला मिळते. तुमच्या घरात असं मूल असेल तर संकोच करू नका, क्लबला ईमेल करा, आपल्या गावात नसेल तर शेजारच्या गावात पाठवतात. मैदानावर त्या मुलांचे आईबाबा एकमेकांना जी माहिती देतात, शाळेचे हक्क, थेरपी, इन्शुरन्स, ती एरवी शोधून सापडत नाही.

चौथं: कागदपत्रं

वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट सहसा चालतो, पण जन्मदाखला इंग्लिशमध्ये असलेला बरा, नगरपालिकेचा नुसता मराठीतला असेल तर भारतात कोणाला तरी सांगून इंग्लिश प्रत काढून ठेवा, शाळेलाही लागते. मेडिकल रिलीज फॉर्म असतो, त्यात अॅलर्जी आणि दम्याचा पंप वगैरे खरं खरं लिहा. कन्कशनचा म्हणजे डोक्याला मार लागण्याबद्दलचा कागद सही करायच्या आधी वाचा. मूल डोक्यावर आपटलं, गरगरतंय म्हणालं, तर त्या दिवशी त्याला परत मैदानात सोडत नाहीत आणि डॉक्टरांच्या परवानगीशिवाय पुढेही घेत नाहीत, तिथे कोचशी वाद घालू नका, तो बरोबर असतो.

भारतात जन्मलेलं आणि दहा वर्षं पूर्ण झालेलं मूल असेल तर एक जास्तीची पायरी येऊ शकते, इंटरनॅशनल क्लिअरन्स. फिफाच्या नियमामुळे अशा मुलाचं पहिल्यांदा नाव नोंदवताना यूएस सॉकर या देशाच्या फुटबॉल फेडरेशनकडून मंजुरी घ्यावी लागते, आणि हे विशेषतः ट्रॅव्हल टीमच्या वेळी पुढे येतं. पालकांची कागदपत्रं, व्हिसा, राहण्याचा पुरावा मागतात आणि वेळ लागतो. सीझनच्या आदल्या आठवड्यात कळलं तर मूल पहिल्या मॅचला सायडलाइनला उभं राहतं, तेव्हा क्लबच्या रजिस्ट्रारला पहिल्याच ईमेलमध्ये सांगून टाका की मूल भारतात जन्मलंय आणि दहाच्या वरचं आहे.

पैशाची अडचण असेल तर फायनान्शियल एड मागा, फॉर्म असतो, टीममधल्या कोणाला कळत नाही. सुरुवातीला एकाच पगारावर आणि सगळं नवीन घ्यायचं असताना दोन मुलांची फी जड जाते, मागण्यात कमीपणा काही नाही. काही क्लब व्हॉलंटियर डिपॉझिट घेतात, ठरलेलं काम केलं की परत देतात, ते फीमध्ये धरू नका.

पाचवं: सामान

लागतं फार थोडं. बॉल, शिन गार्ड (नडगीला लावायचं संरक्षण), क्लीट्स (तळाला खुंट्या असलेले बूट), पाण्याची मोठी बाटली. बॉलचा साइज वयावर, यू-८ पर्यंत तीन नंबर, यू-९ ते यू-१२ चार नंबर, यू-१३ पासून पाच. भारतातून आणलेला बॉल बहुतेक पाच नंबरचा असतो, छोट्याला त्याने पाय दुखतो आणि शिकणंही होत नाही. शिन गार्ड उंचीप्रमाणे घ्यायचे आणि मोज्याच्या आत घालायचे, मोजे वरून पूर्ण ओढून. क्लीट्स सॉकरचेच, बेसबॉलच्या बुटाला पुढे अंगठ्याखाली एक खिळा असतो, तो सॉकरला चालत नाही. मुलांचे पाय सहा महिन्यांत वाढतात, महागडे घेऊ नका, बऱ्याच क्लबांत सीझनच्या सुरुवातीला जुन्या क्लीट्सची पेटी ठेवलेली असते, त्यातून निःसंकोच घ्या आणि आपले लहान झाले की त्यातच टाका.

आता खास आपल्यासाठी. दागिने चालत नाहीत. कानातले, कडं, गळ्यातली चेन, काहीच नाही, आणि कानातल्यावर टेप लावूनही रेफरी खेळू देत नाही, नियमातच तसं आहे. मुलीचे कान टोचायचे असतील तर नोव्हेंबरमध्ये सीझन संपल्यावर टोचा, म्हणजे स्प्रिंगपर्यंत भोकं भरून येतात आणि मॅचच्या वेळी काढता येतात. ऑगस्टमध्ये टोचून आणलं की सप्टेंबरमध्ये काढताही येत नाही आणि खेळताही येत नाही, आणि मुलगी रडते. मनगटाचा काळा दोरा किंवा गंडा आजीने बांधलेला असेल तर त्याबद्दलही आधीच घरात बोलून घ्या, रेफरी काढायला सांगू शकतो, आणि मैदानावर पाच मिनिटं आधी कात्री शोधण्यापेक्षा घरी देवासमोर सोडून ठेवलेलं कोणालाही बरं वाटतं.

नोव्हेंबरला सकाळी आठची मॅच म्हणजे गारठा असतो, जर्सीच्या आतून फुल बाह्यांचा थर्मल घाला. उलट ऑगस्टमध्ये कृत्रिम टर्फ दुपारी तापून पाय भाजतात, तेव्हा पाणी दुप्पट.

सहावं: पहिली मॅच

बघताना गोंधळ होऊ नये म्हणून थोडे नियम. यू-८ पर्यंत चार विरुद्ध चार खेळतात, गोलकीपर नसतो, ऑफसाइड नसतो, दहा-दहा मिनिटांचे चार भाग. स्कोर बहुतेक ठिकाणी लिहून ठेवत नाहीत, मुलं ठेवतात. यू-९, यू-१० ला सात विरुद्ध सात, कीपर येतो, मैदानावर दोन जास्तीच्या रेघा असतात, बिल्ड-आउट लाइन. कीपरच्या हातात बॉल आला की समोरची टीम त्या रेघेमागे जाते म्हणजे छोट्यांना पायाजवळून पास देत खेळ पुढे न्यायला शिकता येतं, आणि कीपरने हातातून सोडून लांब लाथ मारायची नाही. यू-११, यू-१२ ला नऊ विरुद्ध नऊ, यू-१३ पासून पूर्ण अकरा.

हेडिंग, म्हणजे डोक्याने बॉल मारणं, लहान गटांत बंद. यूएस सॉकरने २०१५ साली जाहीर केलं, दहा आणि त्याखालच्या मुलांना प्रॅक्टिसमध्येही नाही आणि मॅचमध्येही नाही, त्यापुढच्या वयात प्रॅक्टिसमध्ये मोजकंच. यू-१० च्या मॅचमध्ये मुलाने मुद्दाम डोकं लावलं तर समोरच्या टीमला फ्री किक मिळते, ज्याने भारतात डोक्याने खेळायची सवय केलीय त्याला हे घरून सांगून पाठवा.

पाऊस पडला म्हणून मॅच रद्द होईल असं धरून घरी बसू नका, पावसात खेळतात. वीज मात्र चालत नाही, गडगडाट ऐकू आला की सगळे गाडीत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं मोजून मगच परत. मैदान बंद असल्याचा मेसेज टीमस्नॅपसारख्या अॅपवर येतो, सकाळी उठल्यावर तिथे बघा, कोचला फोन करू नका.

पालक एका बाजूला आणि टीम समोरच्या बाजूला बसते, गोलमागे कोणी उभं राहायचं नाही. आणि ओरडायचं काय? टाळ्या वाजवा, दोन्ही टीमच्या चांगल्या खेळाला वाजवा. पास दे, मार, पुढे पळ असं मराठीतून सांगितलं तरी ते कोचिंगच झालं, मूल एका कानाने कोचला ऐकतं आणि दुसऱ्या कानाने बाबांना आणि मधल्यामध्ये बॉल निघून जातो. रेफरीला तर काहीच बोलायचं नाही. छोट्यांच्या मॅचला शिट्टी घेऊन उभा असलेला रेफरी बऱ्याचदा चौदा-पंधरा वर्षांचा असतो, तोही शिकतोय, कोणाचं तरी मूल आहे. सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी-आजोबांना जरूर घेऊन या, फोल्डिंग खुर्च्या आणि शाल बरोबर ठेवा, आमच्या मैदानावर आजोबा लोकांची एक ओळच बसते आणि ते सगळ्याच टीमना टाळ्या देतात.

स्नॅकची पाळी आली की चिक्की आणि शेंगदाण्याचा लाडू आणू नका, नट अॅलर्जी असलेली मुलं असतात. संत्र्याच्या फोडी, द्राक्षं, केळी हे सगळ्यांना चालतं. सीझनच्या शेवटी पिझ्झा पार्टी असते, आपलं मूल व्हेज खातं हे टीम मॅनेजरला आधी सांगितलं तर वेगळा पिझ्झा येतो, कोणी वाईट वाटून घेत नाही.

सातवं: गणपती, दिवाळी आणि भारताची तिकिटं

फॉल सीझन आपल्या सगळ्या सणांवर येऊन बसतो. मंडळाचा गणपती सप्टेंबरच्या वीकेंडला, दिवाळीचा कार्यक्रम ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि रविवारी सकाळी मराठी शाळा. सीझन सुरू व्हायच्या आधी या तारखा कोचला एका ईमेलमध्ये द्या, रेकमध्ये कोणी अडवत नाही, फक्त आधी कळलं पाहिजे, कारण त्या दिवशी तुमच्याबरोबर टीममधली आणखी दोन मराठी मुलं गायब असतील तर मॅचला मुलं कमी पडतात. ट्रॅव्हलमध्ये मात्र रविवारच्या मॅच असतात आणि मराठी शाळेशी टक्कर होतेच. मला विचाराल तर मराठी शाळा सोडू नका, ट्रॅव्हल घ्यायच्या आधी रविवारच्या मॅच किती वाजता असतात ते विचारा आणि दोन्ही जमत नसेल तर आणखी एक वर्ष रेक खेळू द्या.

जूनची भारताची तिकिटं काढायच्या आधी ट्रायआउटच्या तारखा बघा. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर आमच्याकडे मैदानं बंदच असतात, इनडोअर आणि फुटसाल चालतं पण ते ऐच्छिक.

आठवं: तुम्हीही मैदानात या

क्लबला माणसं लागतात, आणि नवीन गावात ओळखी करून घ्यायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. स्नॅकची यादी करणं, अॅपवर कोण येणार ते बघणं, कोन आणि जाळ्या लावणं, फोटो काढणं, यातलं काहीही. असिस्टंट कोच व्हायचं असेल तर यूएस सॉकरचे ग्रासरूट्स कोर्स आहेत, चार, सात, नऊ आणि अकरा खेळाडूंच्या खेळासाठी वेगवेगळे, सुरुवातीचा छोटा ऑनलाइन भाग करून बघा, ज्याने आयुष्यात फक्त गल्लीत क्रिकेट खेळलंय त्यालाही छोट्यांची प्रॅक्टिस घेता येते. बॅकग्राउंड चेक आणि सेफस्पोर्टचं प्रशिक्षण सगळ्यांना करावं लागतं, मुलांना त्रासापासून वाचवण्यासाठी २०१८ साली देशाचा कायदाच झालाय. पालक म्हणून त्यातलं लक्षात ठेवायचं ते हे, कोचने मुलाला एकट्याला खासगी मेसेज करायचा नाही, तुम्ही त्यात असलेच पाहिजेत, आणि एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत किंवा गाडीत एकट्याने असायचं नाही. असं काही दिसलं तर क्लबला लगेच सांगा, नवीन आहोत म्हणून गप्प बसू नका.

एच-४ वर (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचा आणि मुलांचा व्हिसा) असलेल्या आयांना मी खास सांगते, ना-नफा क्लबमध्ये बिनपगारी व्हॉलंटियरचं काम करायला व्हिसाची अडचण येत नाही. पण मूल तेरा-चौदाचं झालं की रेफरीचा कोर्स करून मॅचमागे पैसे मिळवता येतात, आणि वर्गातली बाकी मुलं ते करत असतात, तिथे मात्र थांबा. एच-४ वरच्या मुलांना पैसे घेऊन काम करता येत नाही आणि काही जोडीदारांना मिळतं तसं वर्क परमिट मुलांना मिळत नाही, रेफरीचं मानधन हे कामाचेच पैसे आहेत. अशा मुलाला टॉपसॉकरमध्ये बडी व्हायला सांगा किंवा यू-६ च्या कोचबरोबर मदतीला पाठवा, दोन्हीकडे माणसं कमीच असतात आणि नाव द्यायला नुसता एक ईमेल पुरतो.